भाग ४१ : पोर्तुगालमध्ये पाच युरोत चांगली रेड वाइन कशी निवडायची?

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ना' थोडे गाळलेत, बाकी सगळं तसंच आहे.)

मागच्या महिन्यात पोर्तुगालच्या ट्रिपवरचा भाग केला होता. व्हिसा, हॉस्टेल, ट्रेन, बजेट सगळं त्यात आलं. त्यानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली. त्यातला साताऱ्याच्या एका मुलाचा व्हॉइस मेसेज मला फार आवडला. पगारातून पैसे साठवून पहिल्यांदाच देशाबाहेर चाललाय. तो म्हणतो, "ताई, तिकडे वाइन एकदम स्वस्त मिळते म्हणतात. पण दुकानात दोनशे बाटल्या समोर दिसल्या तर हात कुठे घालायचा? आणि हॉटेलात वेटरने महागातली बाटली गळ्यात मारली तर?"

अगदी रास्त प्रश्न आहे. दोनशे युरोत आठवडा काढायचा असतो, तेव्हा एका संध्याकाळी चाळीस युरोचं बिल आलं की पुढचे दोन दिवस पाव-केळ्यावर जातात. म्हणून आजचा भाग फक्त यावर. फक्त पोर्तुगाल, फक्त रेड, आणि फक्त खिशाला परवडणारी. जे पीत नाहीत त्यांनी हा भाग खुशाल सोडा, पुढच्या वेळी भेटू. पिण्याचं कायदेशीर वय तिकडे १८ आहे, तेवढं लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, ती खरंच स्वस्त का आहे? "स्वस्त म्हणजे भेसळ" हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं, ते आधी काढूया. पोर्तुगालमध्ये साध्या वाइनवर अबकारी कर शून्य आहे. फक्त व्हॅट लागतो, तोही १३ टक्के. आपल्याकडे परदेशी बाटलीवर आयात शुल्क, मग राज्याचा कर, मग दुकानदाराचं मार्जिन असे थरावर थर चढतात. तिथे ते थरच नाहीत. शिवाय दरडोई वाइन पिण्यात पोर्तुगाल जगात सगळ्यात वरच्या देशांत आहे. तिकडे ती मिरवायची वस्तू नाही, रोजच्या जेवणातली आहे. त्यामुळे सुपरमार्केटमध्ये तीन ते सात युरोच्या टप्प्यात खूप चांगल्या बाटल्या असतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा, म्हणजे तीनशे ते सातशे रुपये. तेवढ्यात पुण्या-मुंबईच्या रेस्टॉरंटमध्ये एक ग्लास येतो!

आता चवीबद्दल बोलते, कारण खरी गडबड इथे होते. आपल्यापैकी अनेकांची पहिली "वाइन" म्हणजे गोव्यात प्यायलेली गोड पोर्ट वाइन. बरोबर? ती गोड, सरबतासारखी असते. मग लिस्बनला जाऊन साधी रेड मागवली की पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं. "ही तर आंबट! ही तर तुरट!" अहो, ती तशीच असते. तिकडची रोजची रेड ड्राय असते, म्हणजे द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबून गेलेली असते. तुरटपणा येतो तो सालीतून आणि बियांतून, त्याला टॅनिन म्हणतात. जांभूळ खाल्ल्यावर किंवा खूप उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जीभ कशी ओढल्यासारखी होते, तेच हे. तो तुरटपणा तेलकट किंवा चीजच्या घासाबरोबर नाहीसा होतो. म्हणून पहिला घोट रिकाम्या तोंडाने घेऊन मत बनवू नका. आधी पाव-चीजचा घास, मग घोट. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

आणि खरी पोर्ट? ती येते उत्तरेतल्या दोउरू नदीच्या खोऱ्यातून. द्राक्षाचा रस आंबत असतानाच मध्येच त्यात द्राक्षाचं कडक स्पिरिट ओततात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून ती गोडही असते आणि जोरदारही. छोट्या ग्लासात, जेवणानंतर घ्यायची. हे खोरं १७५६ साली हद्द आखून जाहीर केलं होतं, मार्केश द पोम्बाल या मंत्र्याच्या काळात. कुठल्या जमिनीची वाइन "पोर्ट" म्हणवून घेईल हे तेव्हाच ठरलं. पोर्टू शहरासमोर, नदीपलीकडे विला नोवा द गाया आहे. तिथे पोर्टची जुनी गोदामं आहेत आणि पंधरा-वीस युरोत टेस्टिंग मिळतं. एकदा जरूर करा. पण आपला विषय पोर्ट नाही, साधी रेड आहे.

चला, दुकानात शिरूया.

पोर्तुगीजमध्ये रेड वाइन म्हणजे 'विन्यु तिंतु'. व्हाइट म्हणजे 'ब्रांकु'. 'सेकु' म्हणजे ड्राय, 'दोस' म्हणजे गोड. एवढं आलं की अर्धं काम झालं. (मराठीत पोर्तुगीज शब्द कमी नाहीत बरं का. पाव, बटाटा, चावी तिकडूनच आले. 'पगार' सुद्धा! तिकडे 'पगार' म्हणजे पैसे देणं, आपल्याकडे मात्र घेणं. आणि गोव्याच्या विंदालूतला 'विं' म्हणजे हाच 'विन्यु'.)

रॅकसमोर उभं राहिलात की पुढचं लेबल बघून भुलू नका. सोनेरी अक्षरं, किल्ले, घोडे हे सगळं छपाईवाल्याचं कौशल्य आहे. बाटली उलटी करा आणि मागचं बघा. मागे किंवा मानेवर एक छोटं छापील सील असतं, त्यावर नंबर असतो. ते 'सेलु द गारांतिया', म्हणजे त्या प्रदेशाच्या वाइन मंडळाने दिलेली हमी. आणि लेबलवर 'डीओसी' किंवा 'विन्यु रेजिओनाल' लिहिलेलं असतं. डीओसी म्हणजे ठरलेल्या छोट्या प्रदेशातली, ठरलेल्या नियमांनी केलेली. रेजिओनाल म्हणजे मोठा प्रदेश आणि सैल नियम. यात वरचं-खालचं असं फार मानू नका. चांगले वाइनवाले मुद्दाम रेजिओनाल घेतात, कारण त्यांना हवी ती द्राक्षं वापरता येतात. पण प्रदेशाचं नाव हवंच.

का हवंच, ते ऐका. या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

सगळ्यात खालच्या फळीवर दीड-दोन युरोच्या बाटल्या, कागदी खोके आणि पाच लिटरचे नळवाले बॉक्स असतात. त्यातल्या कितीतरींवर नुसतं 'विन्यु तिंतु' लिहिलेलं असतं, प्रदेश नाही. मागे बारीक अक्षरांत बघा. कधी कधी 'युरोपियन युनियनमधली वाइन' किंवा चक्क 'स्पेन' लिहिलेलं सापडतं. पोर्तुगाल शेजारच्या स्पेनमधून टँकरने स्वस्त वाइन आणतो, ती इथे बाटलीत भरली जाते आणि नाव दिसतं अस्सल पोर्तुगीज. यात बेकायदेशीर काही नाही, लेबलवर लिहिलेलं असतं. पण तुम्ही हजारो किलोमीटर उडून "लोकल" प्यायला गेलात ना? आणि हा फक्त आपल्या हौसेचा मामला नाही. दोउरूच्या डोंगरउतारावर लहान लहान वाफे करणारे शेतकरी गेली काही वर्षं द्राक्षाला गिऱ्हाईक नाही म्हणून रस्त्यावर उतरलेत. नाशिकचा कांदा आणि द्राक्षं बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. दोनऐवजी चार युरो द्या आणि प्रदेशाचं नाव असलेली बाटली घ्या. चव तर सुधारतेच, पैसाही जिथे जायला हवा तिथे जातो.

आता माझी एक आवडती युक्ती. लेबलवर 'आदेगा कोऑपरातिवा' किंवा नुसतं 'आदेगा द अमुक' दिसलं तर थांबा. आदेगा म्हणजे वाइन करायची जागा आणि कोऑपरातिवा म्हणजे सहकारी. आपला सहकारी साखर कारखाना असतो ना, तसंच. गावातले शेतकरी सभासद, सगळे आपली द्राक्षं आणून घालतात, कारखाना वाइन करतो. जाहिरातीवर खर्च कमी, त्यामुळे किंमत कमी. अलेंतेझुमधल्या बोर्बा गावाची आदेगा १९५५ पासून आहे. लिस्बनच्या पूर्वेला पेगोंयशची आहे. यांच्या साध्या रेड चार-पाच युरोत मिळतात आणि क्वचितच निराश करतात. सगळ्याच सहकारी संस्था चांगल्या असतात असं मात्र नाही. दांव नावाच्या प्रदेशात सालाझारच्या राजवटीत द्राक्षं सहकारी संस्थांनाच विकायची सक्ती होती. स्पर्धाच नाही, मग दर्जा घसरला. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपियन समुदायात गेला, त्यानंतर ती मक्तेदारी मोडली आणि आज दांव पुन्हा नावाजला जातो. सहकार आणि मक्तेदारी यांची ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना ओळखीची वाटेल, पण आज तिकडे वळत नाही!

'रेझेर्वा' हा शब्द लेबलवर फार दिसतो. त्याला पोर्तुगालमध्ये नियम आहे: अल्कोहोल त्या प्रदेशाच्या किमानपेक्षा थोडं जास्त हवं आणि चाखणाऱ्या मंडळाने पास केलेली हवी. म्हणजे काहीतरी अर्थ आहे, पण तो फार मोठा नाही. पाच युरोची साधी आणि सात युरोची रेझेर्वा यात मी बहुतेक वेळा साधीच घेते, कारण रेझेर्वात लाकडी पिंपाचा व्हॅनिलासारखा वास जास्त असतो आणि मला तो जेवणाबरोबर नको वाटतो. 'गाराफेइरा' मात्र खरंच मुरवलेली असते. रेडसाठी किमान ३० महिने, त्यातले १२ बाटलीत. ती महाग असते. कोणाचा वाढदिवस असेल तर घ्या.

अ‍ॅपचं काय? विव्हिनो नावाचं अ‍ॅप आहे, लेबलचा फोटो काढला की रेटिंग दाखवतं. वापरा, पण रेटिंगसाठी नाही, सरासरी किंमत बघण्यासाठी. पर्यटकांच्या गल्लीतलं दुकान दुप्पट किंमत सांगतंय का हे तिथे लगेच कळतं. रेटिंगमध्ये गोडसर, जाड, दणकट वाइन नेहमी वर जातात. हलकी, जेवणात मिसळून जाणारी वाइन बिचारी मागे राहते. आणि फोन बाहेर काढलाच आहे तर अजून एक करा. २०२३ च्या डिसेंबरपासून युरोपात नव्या वाइनच्या बाटल्यांवर घटकांची माहिती द्यावी लागते, बहुतेकजण ती क्यूआर कोडमध्ये देतात. शाकाहारी मंडळींना याचा उपयोग आहे. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधातलं प्रथिन वापरतात. त्याचा अंश राहिला असेल तर लेबलवर लिहावं लागतं. 'ओवु' म्हणजे अंडं, 'लेइत' म्हणजे दूध. मासे किंवा प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन वापरलं असेल तर मात्र ते लेबलवरून कळत नाही. ज्यांना कडक पाळायचं आहे त्यांनी 'व्हेगन' लिहिलेलीच बाटली घ्यावी. 'सुल्फितुश' जवळजवळ सगळ्यांवर असतं, त्याने घाबरू नका.

ठीक आहे, आता कुठला प्रदेश? पोर्तुगालमध्ये अडीचशेहून जास्त देशी द्राक्षांच्या जाती आहेत. सगळ्या पाठ करायला गेलात तर ट्रिप संपेल.

पहिल्यांदा पिणाऱ्याला मी डोळे झाकून अलेंतेझु सांगते. लिस्बनच्या पूर्वेला-दक्षिणेला पसरलेला तापलेला पठारी भाग, बुचाच्या झाडांची रानं. (जगातलं निम्मं बूच पोर्तुगालमध्ये होतं, म्हणून बाटलीला बूचच असणार. हॉस्टेलच्या किचनमध्ये 'साका-रोल्याश', म्हणजे बूच काढायचा स्क्रू, आहे का ते आधी विचारा.) तिथे ऊन भरपूर, द्राक्ष पूर्ण पिकतं, त्यामुळे वाइन मऊ, फळाच्या चवीची, कमी आंबट होते. लेबलवर अरागोनेझ, त्रिंकादेइरा, अलिकांते बुशे अशी नावं दिसतील. अलिकांते बुशेची गंमत म्हणजे त्याचा गरसुद्धा लाल असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढराच असतो, रंग सालीतून येतो. या द्राक्षाची वाइन शाईसारखी दिसते, शर्टावर सांडू नका. फक्त एक लक्षात ठेवा: अलेंतेझुच्या वाइन चवीला मऊ असतात म्हणून हलक्या असतात असं नाही. १४ टक्के अल्कोहोल तिथे सहज असतं.

एव्होरा शहरात मी चार दिवस होते. तिथे एका आजींच्या छोट्या खानावळीत मातीच्या रांजणातली वाइन प्यायले. आपल्या रांजणापेक्षा कितीतरी मोठं, माणसाच्या उंचीचं मातीचं भांडं, त्याला 'ताल्या' म्हणतात. त्यात द्राक्षं सालीसकट आंबवतात आणि ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, पहिल्यांदा उघडतात. रोमन काळापासूनची पद्धत आहे. चव थोडी ओबडधोबड, मातकट, पण भाजलेल्या चेस्टनटबरोबर काय लागते! आजींना इंग्रजी येत नव्हतं, मला पोर्तुगीज येत नव्हतं. त्यांनी माझ्या ग्लासाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या, मी मान डोलावली. नोव्हेंबरात जाणार असाल तर हे चुकवू नका.

दुसरा नंबर दांवचा. आजूबाजूला डोंगर, ग्रॅनाइटची जमीन, थंड हवा. इथली रेड सडसडीत असते, थोडी आंबट. ज्यांना कोकम आवडतं त्यांना ही आवडेल. तुरीगा नासियोनाल हे पोर्तुगालचं सगळ्यात नावाजलेलं द्राक्ष, ते दांव आणि दोउरू दोन्हीकडे होतं. दोउरूची साधी रेड म्हणजे पोर्टचीच द्राक्षं, पण गोड न करता. ती जरा भारदस्त असते, पाच-सहा युरोत उत्तम मिळते. लिस्बनमध्येच राहणार असाल तर 'पेनिन्सुला द सेतूबाल'ची कास्तेलांव द्राक्षाची घ्या. अगदी जवळची आणि बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त.

नावांचा घोळ एक सांगून ठेवते. दक्षिणेत अरागोनेझ, उत्तरेत तिंता रोरिझ आणि स्पेनमध्ये तेंप्रानियो. तिन्ही एकच द्राक्ष. आणि 'बागा' वाचून गोव्याचा बीच आठवला तरी ते बायराडा भागातलं द्राक्ष आहे. फार तुरट, फार आंबट. पहिल्याच दिवशी घेऊ नका. उत्तरेत लाल 'विन्यु वेर्द' मिळते, चिनी मातीच्या पांढऱ्या वाडग्यात देतात. जांभळी, फेसाळ, चिंचेसारखी. धाडसी लोकांसाठी.

हॉटेलात काय करायचं? पोर्तुगालमध्ये साध्या खानावळीला 'ताश्का' म्हणतात. तिथे बाटली मागवायची गरजच नाही. 'विन्यु द काझा', म्हणजे घरची वाइन, मागायची. ती जगमधून येते, त्याला 'जार्रु' म्हणतात. "मेयु लित्रु द तिंतु, स फाश फावोर", म्हणजे अर्धा लिटर रेड, कृपा करून. साध्या ठिकाणी तीन ते पाच युरोच्या घरात अर्धा लिटर येते, दोघांना पुरते. ती कुठली आहे हेही विचारा: "एय द रेजियांव?", म्हणजे याच भागातली आहे का? मालक खूश होऊन सांगायला लागला तर निश्चिंत प्या. खांदे उडवले तर एक ग्लास घ्या आणि पुढे चला.

वेटर बाटलीच सुचवत असेल तर लाजायचं नाही. मेनूवरच्या किंमतीवर बोट ठेवून म्हणायचं, "इथपर्यंतची." तिकडे याला कोणी कमी लेखत नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग सोडून मधली घ्या असं बरेचजण सांगतात. मला ते पटत नाही. पोर्तुगालमध्ये सगळ्यात स्वस्त वाइन, म्हणजे घरचीच, बऱ्याचदा जेवणाला सगळ्यात छान जुळते. मात्र टेबलावर न मागता येणारा पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसतं. त्याला 'कुव्हेर' म्हणतात. नको असेल तर हात न लावता परत द्या, बिलात लावता येत नाही.

रेडबरोबर मांसच हवं असं काही नाही. पोर्तुगीज लोक खारवलेल्या माशाबरोबर, बाकाल्यावबरोबर, रेड बिनधास्त पितात. शाकाहारी असाल तर 'पेशिन्युश द ऑर्ता' मागा. नावाचा अर्थ बागेतले मासे, पण असतात फरसबीची भजी! पिठात अंडं असू शकतं, विचारून घ्या. उन्हाळ्यात ग्लास कोमट आला तर थोडा थंड करून मागा. जुलैच्या लिस्बनमध्ये "रूम टेंपरेचर" म्हणजे ३२ डिग्री असू शकतं, रेड १६-१८ ला बरी लागते. घरी असाल तर वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

आता थोडं सिरियस. १५० मिलिलिटरचा १३.५ टक्क्यांचा एक ग्लास म्हणजे सुमारे २० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ३३० मिलिलिटरच्या ५ टक्के बियरमध्ये साधारण साडेसोळा. म्हणजे वाइनचा ग्लास बियरपेक्षा जास्त, कमी नाही. "वाइनच तर आहे" म्हणत तीन ग्लास झाले की काय झालं ते सकाळी कळतं. गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी तर नीट ऐका. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा तिकडे लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि नव्या लायसन्सवाल्यांसाठी ०.२. दोउरूचे रस्ते घाटाचे, वळणावळणाचे आहेत. तिथे टेस्टिंग करून गाडी चालवायची नाही, विषय संपला. ट्रेनने जा. पोर्टूहून पिन्यांवला साधारण अडीच तास लागतात, जाताना उजव्या हाताची खिडकी पकडा, नदी तिकडेच आहे. पिन्यांव स्टेशनच्या भिंतींवर निळ्या फरशांमध्ये द्राक्षतोडणीची चित्रं आहेत, तीही बघून घ्या.

राहिला शेवटचा प्रश्न, घरी किती आणता येतात? भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटी न भरता आणता येते. साध्या बाटल्या ७५० मिलिलिटरच्या, म्हणजे दोन नीट बसतात. केबिन बॅगेत नाही, चेक-इनमध्ये टाका. प्रत्येक बाटली जीन्सच्या पायात गुंडाळायची आणि बॅगेच्या मधोमध ठेवायची, बाजूला नाही. माझ्या दोन्ही पुण्यापर्यंत धड आल्या. एक अलेंतेझुची आणि एक दांवची, दोन्ही मिळून अकरा युरो.

सातारकर, तुझी ट्रिप झाली की व्हॉइस मेसेज पाठव, काय प्यायलास ते सांग. बाकीच्यांनीही पाठवा. पुढच्या भागात याच ट्रिपमधला दुसरा प्रश्न घेऊ: युरोपात शाकाहारी माणसाने खायचं तरी काय? चला, भेटू.